जिराफाच्या दगडावरची ओळ

अनू-मेल्लेन, मंगळवार, १० मार्च १९८७

मी, खामिदून, सांगतो : हौलाता, तुझा निरोप मिळाला. कांद्याचा ट्रक नेणाऱ्या सानीनं तो खाली न उतरताच, इंजिन चालू ठेवून, माझ्या अंगावर फेकला. "अरे खामिदून, तुझी बायको विचारतेय, पोरगा तुझ्याकडे आलाय का म्हणून!" तू तंबू उपटून, काठ्या-चटया गाढवांवर लादून भावाच्या वस्तीवर गेलीस त्याला तीन वर्षं झाली. सानीला अजून तू माझी बायकोच वाटतेस. मी त्याची चूक सुधारली नाही.

तर ऐक. घुमूर इकडे आलेला नाही.

तो इकडे येईलच कशाला? तुझ्या भावाला चाळीस दिवसांची कैद झाली, त्या दिवशी सगळ्या वस्तीसमोर घुमूर काय बोलला ते तुला आठवत असेल. मला आठवतं. एकोणीस वर्षांचं पोर, मोठ्या पुरुषांसारखा तोंडावर पटका नुकता चढलेला, आणि बापाकडे बोट करून म्हणतो, "ह्यांना मुलगा नको, बायको नको. ह्यांना दगड पुरेत." तू त्याला गप्प केलं नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूच्या काठ्या सोडायला घेतल्यास.

तू कळवतेस की तो दोन तारखेला तांबड्या उंटिणीला घेऊन पूर्वेला, वाळूच्या कडेच्या गवतावर निघाला. उंटीण गाभण, दिवस भरत आलेले. पाच दिवसांत परतणार होता. बरं, आज दहा तारीख. व्याली असेल उंटीण. पिल्लू पायावर उभं राहीपर्यंत बसला असेल दूध पीत. बावीस वर्षांच्या माणसासाठी एवढा जीव टांगणीला लावायचं कारण मला दिसत नाही.

तू विचारलं नाहीस, तरी मी बरा आहे. बुधवारपासून शनिवारपर्यंत दोन परदेशी प्राध्यापकांना घेऊन वरच्या खोऱ्यात होतो. रथांची चित्रं कागदावर उतरवून घेत होते. मी छत्री धरून उभा. शनिवारी परत आलो तर झोपडीसमोरच्या, जुना जिराफ कोरलेल्या दगडावर कुणीतरी ओरखडे काढलेले. ते घासण्यात सबंध दुपार गेली, बोटं सोलली. बाकी इथे काही घडत नाही.

तुझ्या भावाला, एल्लादला, सांग, पूर्वेकडे माणसं पाठव. मी सरकारी राखणदार, मला दगड सोडून येता येणार नाही.


अनू-मेल्लेन, शुक्रवार, १३ मार्च

मी, खामिदून, सांगतो : हौलाता, तुझा भाऊ आणि त्याची माणसं वाळूच्या कडेपर्यंत जाऊन हात हलवत परत आली, हे आज सानीनं सांगितलं. ह्या वेळी तो ट्रकमधून खाली उतरला. माझ्या हातचा पहिला चहा घेतला, दुसरा घेतला, रीत तीन पेल्यांची, पण तिसऱ्याला थांबला नाही. म्हणाला, "तिकडे ठसा नाही, लेंडी नाही, विझलेली चूल नाही. उंटीण काय आभाळात चढली?" तिसरा पेला तसाच थंड झाला.

एक गोष्ट कळवायची राहून गेली. म्हणजे तेव्हा ती कळवण्याजोगी वाटली नव्हती. माझी एक पखाल गेली आहे. मोठी, बकऱ्याच्या कातड्याची, वरच्या खोऱ्यात निघण्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, मी रिकामी करून खुंटीला टांगली होती ती. मला वाटलं, प्राध्यापकांच्या ड्रायव्हरनं लांबवली. त्याला मनातल्या मनात चार शिव्याही घातल्या. काल आठवलं की तो ड्रायव्हर माझ्या झोपडीत आलाच नव्हता. त्यानं मला रस्त्यावरून उचललं आणि रस्त्यावरच सोडलं. रांजणाच्या तळाला थोडं पाणी होतं, तेही परतलो त्या शनिवारी नव्हतं. मी म्हटलं, आटलं असेल. मार्च महिना आहे, आटतं.

आणि ठसे होते. झोपडीच्या दारापासून दगडापर्यंत आणि दगडापासून ओढ्याच्या पात्राकडे, एकाच माणसाचे, वहाणांचे. मी ते नीट पाहिले नाहीत. तू हे वाचून हसशील, मला माहीत आहे. पावलाच्या ठशावरून माणसाची आई कोण ते सांगणाऱ्यांतले आपण. पण मी तेव्हा रागात होतो, दगडाकडे बघत होतो. रविवारी वारा सुटला आणि सगळं बुजलं.

ते ओरखडे म्हणजे अक्षरं होती. आपली अक्षरं, एक ओळ. कुणी लिहिली ते मला ठाऊक नाही. कुणी जाणारा-येणारा धनगर असेल. माझं काम ती पुसायचं, मी पुसली.

कालपासून मी इथली खालची तिन्ही खोरी पालथी घातली. गाढवावर दोन पखाली लादल्या आणि हाका मारत फिरलो. पुरातत्त्व खात्याच्या साहेबांना काही कळवलेलं नाही. दगड सोडून गेलो म्हणून ते काय म्हणायचं ते म्हणोत. बैलांच्या चित्रांपाशी हाक मारली की ती तीनदा परत येते, तुला माहीतच आहे. दर वेळी मला वाटायचं, तिसरी हाक माझी नाही. मग मी थांबून ऐकत राहायचो.

एल्लादला सांग, पूर्वेला आता शोधू नका. इकडे या. का, ते विचारू नका. सांग की खामिदूनला स्वप्न पडलं.


अनू-मेल्लेन, सोमवार, १६ मार्च

मी, खामिदून, सांगतो : तुझं पत्र काल आलं. एवढंसं. "तुला अक्षरं मी शिकवली. वाळूत, तुझं बोट धरून. स्वप्न राहू दे. दगडावर काय होतं?"

हौलाता, दगडावर आपल्या मुलाचं नाव होतं.

मी ते वाचलं होतं. शनिवारीच, दगडासमोर उभा राहिल्या राहिल्या. "मी, घुमूर, सांगतो." तुझंच वळण, तशीच खालून वर लिहिलेली, खाली रुंद, वर निमुळती होत जाणारी ओळ. जिराफाच्या पुढच्या दोन पायांच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, जिथे माझी नजर सकाळी सगळ्यात आधी जाते तिथे. गारगोटीनं खरवडलेली, पांढरीशुभ्र. नाव वाचलं आणि पुसायला घेतलं. पुढे काय लिहिलं होतं ते वाचलं नाही. दहा तारखेला मी तुला खोटं कळवलं. तेराला निम्मं खोटं कळवलं.

आता का पुसलं ते सांगतो. तू म्हणशील, डोक्यात राख घालून घेतली असणार. तसं नव्हतं. नियम असा आहे की दगडावर नवं काही दिसलं तर आधी ते वहीत जसंच्या तसं उतरवायचं, तारीख घालायची, साहेबांना कळवायचं, आणि ते बघून गेल्यावर साफ करायचं. एल्लादच्या वेळी मी हेच केलं होतं. "मी, एल्लाद, सांगतो : आम्ही इथून उत्तरेच्या विहिरीवर गेलो, मागून या." एवढीच ओळ होती त्याची, बिचाऱ्याची. आपले बाप, आजोबा, सगळे ह्याच दगडांवर एकमेकांना निरोप ठेवत आले. तसा त्यानं तुझ्यासाठी ठेवला होता. मी तो वहीत उतरवला आणि त्या वहीनं त्याला चाळीस दिवस आत बसवलं. मला तेव्हा वाटलं होतं, साहेब दम देऊन सोडतील. माझ्या डोक्यात दमाच्या पुढचं काही आलंच नव्हतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस आणि मी पटका नाकापर्यंत ओढून बसलो.

म्हणून घुमूरचं नाव दिसलं तेव्हा म्हटलं, हे वहीत जाता कामा नये. वहीत मी त्या दिवशी लिहिलंय, "एक ओरखडा. साफ केला." बस. त्याला वाचवायला पुसलं. हे खरं आहे.

तुझं ते बोलणं मला गेले चार दिवस ऐकू येतंय. भांड्यातलं ताक ढवळत होतीस, हात न थांबवता म्हणालीस, "माझ्या खापरपणजीनं ह्याच दगडावर लिहिलंय की तिला अमुक तमुक आवडतो. ते तुझ्या वहीत पुरातन. माझ्या भावानं लिहिलं ते विद्रूप. मेलेल्यांना लिहायची परवानगी आहे आणि जिवंतांना नाही, असं कुठलं रे सरकार?" मी म्हणालो होतो, "कुणीतरी थांबवायलाच हवं, नाहीतर जिराफ दिसेनासा होईल." अजूनही मला तसंच वाटतं, हौलाता. खोटं कशाला बोलू? तो जिराफ कुणी कोरला कुणास ठाऊक, पण ज्यानं कोरला त्याच्या समोर गवत होतं, पाणी होतं, मान उंच करून पाला खाणारं जनावर होतं. आपल्या वाट्याला ह्यातलं काहीच आलं नाही, फक्त ते चित्र आलं. मला त्याची माया आहे. माणसाला एका वेळी दोन गोष्टींची माया असू शकते हे तुमच्यापैकी कुणाला पटलं नाही.

आज पहाटे ऊन तिरकं पडतं तेव्हा दगडाला नाक लावून बघितलं. मी काम चोख केलंय. आधी वाळूनं घासलं, मग कोळशाची पूड आणि माती चोळली. काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नाही. बोटानं चाचपडताना एक रेघ लागली. निरखून पाहिलं तर ती जुनी निघाली, जिराफाच्या मागच्या गाईचं शिंग.

त्यानं तिथेच का लिहिलं, हे मला आज कळलं. झोपडीच्या दारावर कोळशानं लिहिता आलं असतं. रांजणावर लिहिता आलं असतं. पण दार मी बघीन की नाही ह्याची त्याला खात्री नव्हती. जिराफाकडे बघीन ह्याची होती.

आता माझा ताठा वगैरे सगळं गेलं खड्ड्यात. तू म्हणशील ते ऐकून घेईन, एल्लाद मारेल तर मार खाईन. फक्त मला एवढं सांग, त्यानं काय लिहिलं असेल? तू त्याची आई आहेस. गाभण उंटीण घेऊन तो पूर्वेला निघाला आणि इकडे पश्चिमेला, माझ्या दारात, एकटा, पायी का आला? उंटीण कुठे ठेवून आला? इथे पायी येण्याजोग्या जागा मी सगळ्या पाहिल्या. फक्त तिन-गेरानचा डोंगर राहिला, पण तिथे वर जायला वाटच नाही. तिथल्या घळीचं तोंड मी स्वतः धोंडे आणि काटे घालून बंद केलं, चराई बंद झाली त्या साली. त्या शनिवारपासून धरलं तरी आज दहावा दिवस आहे. एका पखालीत पाणी किती दिवस पुरतं ते मला शिकवू नकोस, मी रोज मोजतोय.

सानीला मी थांबवून ठेवलंय. तो ट्रकमध्ये बसून भोंगा वाजवतोय. लवकर सांग. जे येईल ते सांग.


तिन-गेरानच्या पायथ्याशी, बुधवार, १८ मार्च

मी, खामिदून, सांगतो : हौलाता, एल्लाद पोचला. हे मी नोंदवहीचं पान फाडून लिहितोय, तो उंटांना पाणी पाजतोय तेवढ्यात.

तो आला आणि उंटावरून उतरण्याआधीच म्हणाला, "काय दाजी, तुमचे दगड सुखरूप ना?" मी म्हणालो, "सुखरूप आहेत." मग त्यानं हात पुढे केला. "वही दाखवा." मी दिली. त्यानं आधी स्वतःचं पान काढलं. "बघा, माझी ओळ तुम्ही अक्षर न् अक्षर उतरवलीत. एक टिंबसुद्धा सोडलं नाहीत. पोराची कुठाय?" मी बोट ठेवून दाखवलं. एक ओरखडा. साफ केला. त्यानं वही मिटली, माझ्या छातीवर टेकवली आणि म्हणाला, "चला. भांडायला आयुष्य पडलंय."

मग तुझा निरोप सांगितला. की तिन-गेरानला मागच्या अंगानं शेळ्यांची वाट आहे, तू लहान असल्यापासून तीच वापरलीस, आणि मी समोरून धोंडे लावले तेव्हाही तू माझ्या पाठीमागून दोन वर्षं शेळ्या तिथे चारल्यास, घुमूरला बरोबर घेऊन. मी रोज संध्याकाळी तुला विचारायचो, आज कुठे होत्या शेळ्या, आणि तू सांगायचीस, खाली. हौलाता, मला ह्याचा राग येत नाहीये. एरवी आला असता. माझं एवढंच म्हणणं आहे की मी दहा तारखेला एक ओळ खरी लिहिली असती, तर तू अकराला हे सांगितलं असतंस.

पूर्वेला गवत नव्हतंच, एल्लाद म्हणतो. टोळांनी खाल्लं. घुमूरनं ते पाहिलं असणार आणि उंटीण घेऊन आपल्या ओळखीच्या हिरव्या जागी वळला असणार. वर अजून थोडा पाला असतो. बंदी असलेल्या डोंगरावर उंटीण घातली आणि तेच राखणदाराच्या दगडावर लिहून कळवलं. काय म्हणावं ह्या पोराला!

वाट सापडली आहे. माझ्या गुडघ्यांना ती झेपणार नाही असं एल्लाद म्हणतो. मी जाणार आहे. हे पान ओढ्याकाठच्या धनगराकडे देतोय, तो तुमच्याकडेच निघालाय.


इफेरुआन, दवाखान्याच्या ओट्यावर, शनिवार, २१ मार्च

मी, खामिदून, सांगतो : हौलाता, तो जिवंत आहे. हे आधी वाच, मग बस, पाणी पी, आणि मग पुढचं वाच.

गुरुवारी सकाळी सापडला. वरच्या कपारीत, जिथे हाताचे लाल पंजे उमटवलेले आहेत, त्या छताखाली. उंटीण अडली होती. पिल्लू आडवं आलं होतं. ते मेलेलं निघालं, त्यानं ते स्वतःच्या हातांनी ओढून काढलं आणि दगडांखाली पुरलं. उंटीण वाचली. हाडांचा सापळा झालीय, पण उभी होती, आणि तो तिच्या सावलीत पडला होता. पाणी सहाव्या दिवशी संपलं. त्यानंतर तिच्या दुधावर राहिला. मंगळवारी तेही आटलं. जीभ सुजून बाहेर आली होती. एल्लादनं पटक्याचं टोक भिजवून थेंब थेंब सोडलं. मी घाई करून पखाल पुढे केली तर माझ्या हातावर फटका मारून म्हणाला, "मारायचंय का त्याला?" तेव्हा मी मागे सरलो आणि घुमूरचे पाय धरून बसलो.

दुपारी त्यानं डोळे उघडले. मला ओळखलं. म्हणाला, "केवढा उशीर केलात, बाबा."

काल खाली आणला. इथले डॉक्टर म्हणतात जगेल, लघवी सुरू झाली आहे, चार दिवस बघू. आवाज आला तसा तो बोलायला लागला. नर्सला सांगतो, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सांगतो. "मला माहीत होतं बाबा येणार. बाबा दुसरं काही बघोत न बघोत, जिराफाकडे रोज बघतात." ओळ त्यानं तोंडपाठ म्हणून दाखवली. "मी, घुमूर, सांगतो : बाबा, मी तिन-गेरानच्या माथ्यावर आहे, उंटीण अडली आहे, पाणी घेऊन शेळ्यांच्या वाटेनं या, तुम्ही येईपर्यंत मी हलत नाही."

हौलाता, सहाव्या, सातव्या दिवशी त्याच्या पायांत बळ होतं. तो उतरून माझ्या झोपडीपर्यंत येऊ शकला असता. एल्लादनं विचारलंच त्याला, "अरे वेड्या, उंटीण सुटली होती, मग खाली का नाही आलास?" तर म्हणाला, "लिहिलं होतं ना, हलत नाही म्हणून. मी उतरलो असतो आणि बाबा दुसऱ्या बाजूनं चढले असते, तर चुकामूक झाली असती." एल्लादनं माझ्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "मी तोंड उघडणार नाही, दाजी. हे तुमचं तुम्ही निस्तरा." आणि उंटिणीला चारा बघायला निघून गेला.

मी एक रात्र विचार केला. न सांगता भागलं असतं. तू सांगितलं असतंस की नाही, मला माहीत नाही. पण तो ज्याला त्याला सांगत सुटला होता. आज सकाळी नर्सनं मला विचारलं, "तुम्हीच का ते, दगड वाचून पोराला शोधलं ते?" मला तिच्याकडे बघवेना.

मी खाटेशी बसलो. पटका तोंडावरून खाली केला, हनुवटीपर्यंत. मुलासमोर आयुष्यात पहिल्यांदा. तो गांगरला. मी सांगितलं, "घुमूर, तुझी ओळ मी पुसली. वाचून आलो नाही. तुझ्या आईनं जागा सांगितली म्हणून आलो." सगळं सांगितलं. वहीचं, पखालीचं, ठशांचं, दहा तारखेच्या पत्राचं. तो छताकडे बघत ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे कुणीतरी खरडलंय असं वाटलं तुम्हाला. न वाचताच पुसलंत."

तो मला वाट काढून देत होता, हौलाता. हो म्हणायचं होतं फक्त.

मी म्हणालो, "वाचलं होतं."

"किती वाचलंत?"

"तुझं नाव."

"नावापर्यंतच?"

तुला मी सोमवारी लिहिलं की नाव वाचून थांबलो, त्याला कैद होऊ नये म्हणून पुसलं. कैदेची भीती खरी होती. पण मी नावापाशी थांबलो नव्हतो. एक शब्द आणखी वाचला होता. तो शब्द वाचल्यावर हातात वाळू घेतली. तीन वर्षांत त्याच्याकडून आलेला पहिला शब्द तो, आणि त्याच्यापुढे काय असणार हे मला माहीत आहे असं मला वाटलं. पुन्हा तेच, तुम्हाला दगड पुरेत. ह्या वेळी माझ्याच दगडावर कोरून. ते वाचायची मला हिंमत झाली नाही. हे मी तुला सांगितलं नव्हतं आणि स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

त्याला म्हणालो, "'बाबा' पर्यंत."

शेजारचा म्हातारा खोकत होता. मग घुमूरनं तोंड भिंतीकडे केलं आणि नर्सला हाक मारून म्हणाला, "ह्यांना बाहेर बसायला सांगा."

तू ये. तो झोपेत तुझं नाव घेतो. सानी उद्या तुमच्या वस्तीवरून परतताना तुला घेऊन येईल, मी त्याच्याशी बोललोय. येताना घुमूरसाठी लोणी आण, इथलं त्याला आवडत नाही. माझ्यासाठी काही आणू नकोस.

मी ओट्यावर आहे. दाराला लागून बसलोय, त्यानं हाक मारली तर ऐकू यावी म्हणून. अजून मारलेली नाही.